नांगराचे घोडे आणि इलेक्ट्रिक गिटार

१९७८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत पंक रॉकची चलती होती. सेक्स पिस्टल्सचा अल्बम येऊन सहा महिने झाले होते. तीन कॉर्ड, तीन मिनिटं आणि तोंडभर शिव्या एवढ्या भांडवलावर या पोरांनी आधीच्या दशकातल्या लांबलचक, गुंतागुंतीच्या प्रोग्रेसिव्ह रॉकला म्हातारं ठरवून टाकलं होतं. नेमका त्याच महिन्यात जेथ्रो टल या बँडचा अकरावा अल्बम आला. मुखपृष्ठावर बँडचा म्होरक्या इयान अँडरसन आणि सोबत दोन धिप्पाड घोडे. अल्बमचं नाव 'हेवी हॉर्सेस'. अर्पणपत्रिका ब्रिटनमधल्या देशी, कामकरी घोड्यांना आणि तट्टांना. शीर्षकगीत जवळजवळ नऊ मिनिटांचं, आणि त्यात सफक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर अशा नांगराच्या घोड्यांच्या जाती नावानिशी येतात.

या जातींची तेव्हाची अवस्था बिकट होती. सफक घोड्याचंच पाहा. १९६६ मध्ये या जातीच्या जेमतेम नऊ शिंगरांची नोंद झाली होती. दुर्मिळ पाळीव प्राणी वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये 'रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट' ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली आणि दोनच वर्षांत क्लाइड्सडेल तिच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. म्हणजे अँडरसन ज्यांच्यावर गाणं रचत होता, ते घोडे शेतातून निघून प्रदर्शनात, मिरवणुकीत आणि बिअरच्या गाड्यांपुढे उरले होते.

'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७), 'हेवी हॉर्सेस' (१९७८) आणि 'स्टॉर्मवॉच' (१९७९) या तीन अल्बमना टलची फोक-रॉक त्रयी म्हणतात. बँड 'जुन्या इंग्लंडकडे' वळला, असं त्याबद्दल आजही लिहिलं जातं. पण हे जुनं म्हणजे नेमकं किती जुनं, असं विचारलं की गोष्ट रंगते. टलनं उचललेल्या खेडवळ प्रतीकांपैकी बरीचशी दिसतात त्यापेक्षा पुष्कळ तरुण निघतात. आणि बँडच्या नावातच शेतीतल्या एका यंत्राचा इतिहास दडलेला आहे.

मूळचा जेथ्रो टल १६७४ मध्ये बर्कशरमध्ये जन्मला. शिकला वकिली, केली शेती. १७०१ च्या सुमारास त्यानं बी ओळीत पेरणारं यंत्र तयार केलं. तोवर इंग्लंडमध्ये बी बहुतांशी मुठीनं फोकून पेरत. त्यातलं पुष्कळ वाया जाई आणि पीक वर आल्यावर मधलं तण काढायला वाट उरत नसे. ओळीत पेरलं तर दोन ओळींमधून घोड्याला जुंपलेलं कोळपं फिरवता येतं, हा टलचा मुद्दा. १७३१ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथाचं नावही घोड्यानं करायच्या कोळपणीवरच आहे. यंत्रातून बी मोजून खाली सोडण्याची युक्ती त्याला सुचली ती चर्चमधल्या ऑर्गनवरून. ऑर्गनच्या साउंडबोर्डमधली खाच, जीभ आणि स्प्रिंग यांची रचना त्यानं पेरणीच्या पेटीत आणली, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यात फारसं नवल वाटणार नाही. चाड्यावर मूठ धरून सोडलेलं बी नळ्यांतून फणामागच्या तासात पाडणारी पाभर किंवा तिफण आणि त्यानंतरची कोळपणी इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १७९५ मध्ये कॅप्टन थॉमस हॅल्कॉट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं दक्षिण हिंदुस्थानात बैलांची पाभर चालताना पाहिली, आणि हे यंत्र युरोपचा आधुनिक शोध असल्याचा आपला समज चुकीचा होता, अशी कबुली दिली.

या शेतकऱ्याचं नाव रॉक बँडला मिळालं ते अपघातानं. १९६७ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या लूटन गावात चौघांनी बँड उभा केला. गायक-बासरीवादक अँडरसन, गिटारवर मिक अब्राहम्स, बेसवर ग्लेन कॉर्निक आणि ड्रम्सवर क्लाइव्ह बंकर. सुरुवातीला एकाच क्लबमध्ये दुसऱ्यांदा बोलावणं यावं म्हणून ते सारखं नाव बदलत. कार्यक्रम ठरवणाऱ्या एजन्सीतल्या कुणीतरी इतिहासाच्या वेडापायी 'जेथ्रो टल' हे नाव सुचवलं, त्या नावानं त्यांना लंडनच्या मार्की क्लबमध्ये नियमित कार्यक्रम मिळू लागले आणि मग ते नाव चिकटलं. १९६८ च्या पहिल्या रेकॉर्डवर कंपनीनं 'जेथ्रो टो' असं चुकीचं नाव छापलं, ती गोष्ट वेगळी.

अँडरसनचा जन्म १९४७ चा, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. पौगंडावस्था गेली ती ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या शहरात. एरिक क्लॅप्टनसारखी गिटार आपल्याला जमणार नाही, हे कळल्यावर त्यानं आपली गिटार दुकानात देऊन बदल्यात मायक्रोफोन आणि बासरी घेतली. बासरी तो स्वतःच शिकला. फुंकतानाच घशातून घुरघुरायचं, वाक्य अर्धवट तोडायचं आणि एका पायावर उभं राहायचं, ही त्याची रीत. नव्वदच्या दशकात त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा बापाची बोटं चुकीच्या ठिकाणी पडतात हे तिच्या लक्षात आलं. तोवर पंचवीसेक वर्षं आणि लाखो रेकॉर्ड्‌स त्याच बोटांवर निघून गेल्या होत्या.

बँडच्या सुरांनी दहा वर्षांत बरीच वळणं घेतली. पहिला अल्बम 'धिस वॉज' (१९६८) ब्लूजचा होता. अब्राहम्सला ब्लूजच वाजवायचा होता, तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी मार्टिन बार आला. 'स्टँड अप' (१९६९) मध्ये बाखची एक रचना बासरीवर जॅझच्या चालीनं वाजली आणि अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'अक्वालंग' (१९७१) नं बँडला जगभर नेलं. 'थिक अॅज अ ब्रिक' (१९७२) मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच सलग गाणं होतं. 'अ पॅशन प्ले' (१९७३) त्याहून गहन झाला. समीक्षकांनी त्याची सालटी काढली, तरी अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर पोचला. मधल्या बदलांमधून बँडचा संच हळूहळू पक्का झाला. बार, ब्लॅकपूलच्या दिवसांतले दोस्त जॉन एव्हन (कीबोर्ड) आणि बॅरी बार्लो (ड्रम्स), नंतर बेसवर जॉन ग्लॅस्कॉक, आणि १९७६ पासून डेव्हिड पामर. पामर आज डी पामर या नावानं ओळखली जाते. रॉयल अकॅडमीत शिकलेली ही संगीतकार पहिल्या अल्बमपासून टलसाठी वाद्यवृंद लिहीत होती, आता ती बँडमध्येच दाखल झाली.

अँडरसन फोककडे वळला तेव्हा ब्रिटनमध्ये फोक-रॉकची वाट आधीच मळलेली होती. तिचं एक टोक १९०३ मध्ये सापडतं. सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी पाद्र्याच्या बागेत जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करता करता 'सीड्स ऑफ लव्ह' हे गाणं गुणगुणत होता. संगीतशिक्षक सेसिल शार्पनं ते ऐकलं, टिपून घेतलं आणि पुढे हजारो लोकगीतं गोळा केली. १९६९ च्या अखेरीस फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लंडनच्या बँडनं 'लीज अँड लीफ' हा अल्बम काढला. शतकानुशतकं गाइलेले पोवाड्यांसारखे लांब बॅलड त्यांनी इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि व्हायोलिनवर चढवले. त्या बँडचा बेसवादक अॅशली हचिंग्ज याला ते पुरेसं अस्सल वाटलं नाही. तो बाहेर पडला आणि त्यानं स्टीलाय स्पॅन उभा केला.

स्टीलाय स्पॅनचा सहावा अल्बम 'नाऊ वुई आर सिक्स' (१९७४). याच अल्बमपासून बँडमध्ये कायमचा ड्रमर आला आणि सदस्यही सहा झाले. या अल्बमच्या निर्मितीत अँडरसनचा हात होता. त्याच बँडची गायिका मॅडी प्रायर १९७६ च्या टलच्या अल्बमवर साथीला गायली. म्हणजे लोकगीत रॉकमध्ये कसं बसवतात, याचं काम अँडरसननं स्टुडिओत बसून जवळून पाहिलं होतं.

आणि तरीही त्यानं ती वाट धरली नाही. टलच्या या त्रयीत शार्पच्या वहीतलं एकही गाणं नाही. जुना बॅलड नाही, पारंपरिक चाल उचललेली नाही. सगळी गाणी नवी, जवळजवळ सगळी अँडरसननं रचलेली. फेअरपोर्टनं जुनं गाणं नव्या वाद्यांवर आणलं होतं. टलनं नव्या गाण्याला जुनी वाद्यं, जुने ताल आणि खेड्यातला विषय दिला. कुणी याला नक्कल म्हटलं, कुणी वेषांतर.

या वळणामागे घरही होतं. १९७६ च्या सुमारास अँडरसन लंडन सोडून बकिंगहमशरमधल्या एका शेतावर राहायला गेला. बँडच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा जो लस्टिग फोकच्या जगातला मुरलेला माणूस होता. त्यानं अँडरसनला ब्रिटनमधल्या लोककथा, दंतकथा आणि चालीरीतींचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ भेट दिला. 'साँग्ज फ्रॉम द वुड' मधली कितीतरी पात्रं त्या पानांतून आली.

फेब्रुवारी १९७७ मध्ये तो अल्बम आला, तेव्हा जुन्या श्रोत्यांनाही ते वेगळेपण पहिल्याच मिनिटात कळलं. सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसत्या एकमेकांत गुंफलेल्या आवाजांनी गाणं उघडतं. मग मेंडोलिन, शिट्ट्या, टाळ्या. पामर इथे पोर्टेटिव्ह ऑर्गन वाजवते. मांडीवर घेऊन वाजवता येणारा हा मध्ययुगीन ऑर्गन एका हातानं भाता चालवून दुसऱ्या हातानं वाजवतात. बार्लोच्या वाद्यांच्या यादीत नेहमीच्या ड्रम्सबरोबर टेबर आणि नेकर्स आहेत. नेकर्स म्हणजे धर्मयुद्धांच्या काळात अरबांकडून युरोपात गेलेला लहान नगाऱ्यांचा जोड. आणि या सगळ्या गावजत्रेच्या खाली प्रोग्रेसिव्ह रॉकची हाडं तशीच आहेत. 'व्हेल्व्हेट ग्रीन' मध्ये मात्रा इतक्या वेळा बदलतात की त्यावर नाचायला उतरलेल्याचे पाय गुंतावेत. 'पिब्रॉक' हे नाव स्कॉटिश बॅगपाइपच्या अभिजात प्रकारावरून घेतलेलं. त्यात एक मूळ चाल ठरवतात आणि मग तिच्यावर एकेक सजावट चढवत जातात. टलनं त्याची सुरुवात दिली बारच्या करकरत्या, प्रतिध्वनी होत जाणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारला.

एक गाणं मात्र अँडरसननं एकट्यानं वाजवलं. सगळी वाद्यं त्याचीच. 'जॅक-इन-द-ग्रीन'. हिरव्या पानांत गुंडाळलेला हा जॅक म्हणजे ऋतुचक्र सांभाळणारा वनदेव. मोटाररस्ते आणि वीजवाहिन्यांच्या जगात तो अजून टिकून आहे का, असा त्या गाण्याचा सूर.

जॅकची मूळ कहाणी वनदेवाची नाही. १९३९ मध्ये लेडी रॅग्लन यांनी चर्चच्या दगडी कोरीवकामातला पानांमधून डोकावणारा चेहरा आणि मे महिन्याच्या मिरवणुकीतला जॅक यांची सांगड घातली आणि त्याला ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेचा अवशेष ठरवलं. ही कल्पना फार लोकप्रिय झाली. अँडरसनचं गाणं येऊन दोन वर्षं झाल्यावर, १९७९ मध्ये रॉय जज या अभ्यासकानं जॅकवर पुस्तक लिहिलं आणि जुनी वर्तमानपत्रं व नोंदी चाळून दाखवलं की या जॅकचा माग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाही.

शिवाय तो जंगलातला नव्हेच, शहरातला. लंडनच्या गवळणी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला फुलं आणि चांदीची भांडी डोक्यावर रचून नाचत, गिऱ्हाइकांकडून पैसे मागत. इतर धंदेवाल्यांनीही तेच सुरू केलं. धुराडी साफ करणाऱ्यांच्या टोळ्यांनी या चढाओढीत अख्ख्या माणसाला झाकेल असा पानांचा शंकू बनवला आणि त्यात एकाला घालून ढोल वाजवत गल्लोगल्ली फिरवलं. उन्हाळ्यात धुराड्यांचं काम मंदावे, तेव्हा चार पैसे मिळवण्याचा तो मार्ग होता. धुराड्यात लहान मुलांना चढवण्यावर १८७५ च्या कायद्यानं खरी जरब बसली, धंद्याचं रूप बदललं, पोलीस आणि सभ्य समाजाला रस्त्यातला हा दंगा नकोसा झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅक बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला. टलच्या गाण्यातला हिरवा देव असा काजळीतून आला होता.

'हेवी हॉर्सेस' मध्ये हे देव, अयनदिनाच्या घंटा आणि मद्याचे चषक जवळजवळ गायब होतात. फक्त चौदा महिन्यांत बँडचं खेडं बदललं. आधीच्या अल्बममधलं गाव सणासुदीचं होतं, आता ते कामाच्या दिवसाचं आहे. पहिलं गाणं उंदीर मारणाऱ्या शेतावरच्या मांजरांचं. 'वन ब्राऊन माऊस' ची प्रेरणा रॉबर्ट बर्न्सच्या १७८५ च्या कवितेची, नांगरताना ज्याचं बीळ उद्ध्वस्त झालं त्या उंदरावरची. बर्न्स स्वतः नांगर धरणारा शेतकरी होता. 'जर्नीमन' मध्ये तर खेडंच नाही, संध्याकाळच्या लोकलनं घरी परतणारा थकलेला नोकरदार आहे. 'मॉथ्स' चं बीज जॉन ल कारेच्या एका कादंबरीत आहे.

सूरही त्याबरोबर बदलले. 'साँग्ज फ्रॉम द वुड' मधल्या थरावर थर चढवलेल्या आवाजांच्या भिंती इथे विरळ झाल्या. अँडरसनचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. बासरीतली घुरघुर पुढे आली. पोर्टेटिव्ह ऑर्गनच्या जत्रेऐवजी पामरनं लिहिलेली तंतुवाद्यं येतात आणि ती गोडव्यापेक्षा वजन देतात. ग्लॅस्कॉकचा बेस या अल्बमभर सतत चालता, बोलका आहे. बार्लोचे ड्रम कोरडे, जवळून ऐकू येणारे. ध्वनिमुद्रण झालं ते लंडनच्या फुलममधल्या मेझाँ रूज या अँडरसनच्या स्वतःच्या स्टुडिओत, त्यामुळे घाई नव्हती. कर्व्ह्ड एअर या बँडचा व्हायोलिनवादक डॅरिल वे दोन गाण्यांसाठी पाहुणा म्हणून आला. 'एकर्स वाइल्ड' मध्ये त्याचं व्हायोलिन स्कॉटिश नाचाच्या चालीवर उधळतं.

वे ज्यात वाजवतो ते दुसरं गाणं शीर्षकाचं. त्याची सुरुवात अगदी संथ, जड पावलांनी होते. टनभर वजनाचं जनावर ओल्या चिकणमातीतून नांगर ओढतं, तशी लय. मध्येच व्हायोलिन सूत्रं हाती घेतं, ताल दुप्पट होतो आणि गाणं दौडत सुटतं. मग पुन्हा संथ पावलं. घोड्याच्या दोन चालींवर नऊ मिनिटांची इमारत उभी आहे. 'थिक अॅज अ ब्रिक' च्या काळात बँड चाळीस मिनिटं ताल बदलत राहायचा ते कसब दाखवण्यासाठी. इथे प्रत्येक बदलाला विषयातच कारण आहे, आणि प्रोग्रेसिव्ह रॉक व फोक यांचा सांधा त्रयीत सर्वांत घट्ट बसला आहे तो याच गाण्यात.

घोड्यांचा इतिहासही जॅकसारखाच चकवतो. नांगराला घोडा हे चित्र अनादि वाटतं. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं बैल आणि घोडे दोन्ही जुंपले जात, आणि ससेक्ससारख्या भागात बैलांची नांगरट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. गाण्यातले अवजड, वंशावळीचे घोडे ही प्रामुख्यानं व्हिक्टोरियन काळाची निर्मिती. क्लाइड्सडेल आणि सफक जातींच्या संघटना १८७७ मध्ये स्थापन झाल्या. शायर घोड्याची संस्था १८७८ मध्ये निघाली, तेव्हा तिचं नाव 'इंग्लिश कार्ट हॉर्स सोसायटी' असं होतं. म्हणजे टलचा अल्बम आला तेव्हा शायरची अधिकृत वंशावळ बरोब्बर शंभर वर्षांची होत होती. पर्शेरॉन तर मुळात फ्रान्सचा. ब्रिटनमध्ये तो रुळला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास.

यंत्रांनी घोडा हटवला, हेही अर्धंच खरं. इतिहासकार एफ. एम. एल. टॉमसन यांनी १९७० मधल्या एका व्याख्यानात व्हिक्टोरियन इंग्लंडला घोड्यांनी ओढलेला समाज म्हटलं होतं. रेल्वे आली तेव्हा घोडे कमी झाले नाहीत, वाढले, कारण स्टेशनवर आलेला माल घराघरांत पोचवायला आणि यार्डात डबे हलवायला घोडेच लागत. शेतातही पेरणीची, कापणीची नवी यंत्रं आली ती घोड्यांनी ओढायची होती. मूळच्या जेथ्रो टलचं पेरणीयंत्र आणि कोळपं याच मालिकेतली पहिली पायरी. शेतीतलं यांत्रिकीकरण पहिली दीडदोनशे वर्षं घोड्याच्या पाठीवरून चाललं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या शेतांवर सुमारे दहा लाख घोडे होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि लष्करानं पहिल्या काही आठवड्यांतच लाखाहून जास्त घोडे शेतांतून आणि गाड्यांवरून उचलून नेले. नंतर आला ट्रॅक्टर. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत फर्ग्युसनचे पाच लाखांवर लहान करड्या रंगाचे ट्रॅक्टर तयार झाले. लहान शेतकऱ्यालाही परवडणारं हे यंत्र आल्यावर घोड्याचा हिशेब संपला. चाऱ्यासाठी राखलेली जमीन मोकळी झाली, घोडे कत्तलखान्यात गेले. न्यूमार्केटच्या रेल्वे यार्डात डबे ओढणारा चार्ली हा ब्रिटिश रेल्वेचा शेवटचा घोडा १९६७ मध्ये निवृत्त झाला. लूटनमध्ये चार तरुण बँडसाठी नाव शोधत होते, ते हेच वर्ष.

घोड्यांबरोबर त्यांची माणसंही गेली. जॉर्ज इवर्ट इव्हान्स या वेल्श लेखकानं सफकमधल्या ब्लॅक्सहॉल गावात शेजारच्या म्हाताऱ्या गड्यांशी बोलून त्यांच्या आठवणी जमवल्या. 'द हॉर्स इन द फरो' (१९६०) या त्याच्या पुस्तकात घोड्यांच्या गड्यांची सगळी उतरंड दिसते. पहाटे जोड्या घेऊन वाड्याबाहेर पडताना कुणी कुणाच्या मागे जायचं याचा क्रम ठरलेला असे आणि तो मोडलेला चालत नसे. घोडा जागच्या जागी खिळवायचा किंवा ओढून घ्यायचा, यासाठीची तेलं, वनस्पती आणि बेडकाच्या हाडाचे तोडगे हे गडी जिवापाड गुप्त ठेवत. ईशान्य स्कॉटलंडमध्ये तर नांगऱ्यांची शपथबद्ध गुप्त मंडळी होती. रात्री धान्याच्या कोठारात दीक्षा घेतलेल्यालाच घोडा वश करणारा तो एक शब्द कानात सांगितला जाई. ही मंडळी फोफावली ती बैल मागे पडून घोडा शेतीचा कणा झाला तेव्हा, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. पुरातन मंत्रविद्येसारखी दिसणारी ही रीत खरं तर एका नव्या, भाव मिळवणाऱ्या कसबी मजुरांची संघटना होती.

९ ऑक्टोबर १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला टलचा कार्यक्रम उपग्रहावरून थेट अटलांटिकपार ब्रिटनमध्ये दाखवला गेला. रॉकच्या इतिहासातला असा तो पहिलाच प्रयोग. घोड्यांचं गाणं गाणारा बँड उपग्रहावर चढला खरा, पण बेसवर ग्लॅस्कॉक नव्हता. हृदयाच्या झडपेच्या जन्मजात दोषानं तो आजारी पडला होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये 'स्टॉर्मवॉच' आला तेव्हा हवा आणखी थंड झाली होती. ब्रिटनमध्ये मधला हिवाळा संप आणि टंचाईत गेला होता. या अल्बमचं पहिलंच गाणं उत्तर समुद्रातल्या तेलावर. तिथलं तेल १९७५ पासून किनाऱ्याला लागू लागलं होतं. 'डार्क एजेस' नऊ मिनिटांचं, गिटारनं भारलेलं, अंधारलेलं. मेंडोलिन आणि शिट्ट्या कमी झाल्या, कीबोर्डचे आणि गिटारचे थर जाड झाले. 'डन रिंगिल' हे एकच गाणं जुन्या धाग्याला धरून आहे. दोन गिटारींच्या गुंफणीवर उभं असलेलं हे गाणं स्काय बेटावरच्या लोहयुगीन गढीचं. या त्रयीत खऱ्या अर्थानं पुरातन वास्तू भेटते ती इथेच. आणि त्याच्या सुरुवातीला हवामानाचा अंदाज वाचतो तो फ्रान्सिस विल्सन हा टीव्हीवरचा निवेदक.

ही गढी अँडरसनच्या अंगणातच होती. १९७८ मध्ये त्यानं स्कायवरची स्ट्रॅथेर्ड ही जमीनदारी विकत घेतली होती. पुढे तिथे त्यानं सॅमन माशांची पैदास सुरू केली आणि तो व्यवसाय शेकडो माणसांना रोजगार देण्याइतका वाढला. घोड्यांचं शोकगीत लिहिणारा माणूस पशुपालनाच्या सर्वांत आधुनिक धंद्यात शिरला होता. १९९४ मध्ये ती जमीन जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्गरक्षण संस्थेकडे गेली.

'स्टॉर्मवॉच' वर ग्लॅस्कॉक तीनच गाण्यांत वाजवू शकला, बाकीचा बेस अँडरसननं वाजवला. नोव्हेंबर १९७९ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी ग्लॅस्कॉक गेला. त्याचा जवळचा मित्र बार्लो बँडमधून बाहेर पडला. एव्हन आणि पामरही राहिले नाहीत. ग्लॅस्कॉकच्या जागी आलेला डेव्ह पेग हा फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा. म्हणजे फोक-रॉकच्या मूळ घराण्यातला माणूस टलमध्ये आला तो नेमका फोकचं पर्व संपताना. पुढच्याच वर्षीच्या 'ए' या अल्बमवर सिंथेसायझरचं राज्य होतं. ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत त्रयीतले अल्बम अनुक्रमे तेराव्या, विसाव्या आणि सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत पोचले होते, ही उतरंडही त्या बदलामागे असावी.

नंतर या तिन्ही अल्बमना वारशाचं स्थान मिळालं. २०१७ ते २०१९ या काळात तिघांच्याही चाळिसाव्या वर्षी नव्यानं ध्वनिमिश्रण केलेल्या जाडजूड आवृत्त्या निघाल्या. 'हेवी हॉर्सेस' च्या आवृत्तीला 'न्यू शूज', म्हणजे नवे नाल, असं नाव दिलं गेलं. लंडनच्या वाँड्सवर्थमधली यंग्ज ब्रुअरी २००६ मध्ये बंद होईपर्यंत जवळपासच्या पबमध्ये शायर घोड्यांच्या गाडीनं बिअर पोचवत होती. सफक आजही दुर्मिळ जातींच्या यादीत सर्वांत वर आहे. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात मे महिन्यात पानांनी झाकलेला जॅक ढोलांच्या गजरात मिरवतात, त्याला 'मारून' उन्हाळा मोकळा करतात, आणि पाहायला आलेले हजारो लोक ती प्राचीन परंपरा समजतात. ही मिरवणूक तिथल्या नर्तकांनी पुन्हा सुरू केली १९८३ मध्ये. टलचं गाणं तिच्याहून सहा वर्षांनी जुनं आहे.